पुन्हा पुन्हा येणारी कामं यादीत साचतात, काय करावं?

रिकामी_वही
टूडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये ठरावीक काळाने येणारी चाळीसेक कामं टाकली आहेत: बिलं, बॅकअप, पाण्याचं फिल्टर, झाडांना खत वगैरे. सोमवार उजाडला की अर्धी यादी लाल, म्हणजे तारीख उलटून गेलेली. शिवाय शनिवारचं राहिलेलं काम गुरुवारी उरकलं, तर दोन दिवसांनी तेच पुन्हा हजर! ॲप बदलू की सरळ कागदावर येऊ?

धागादोरा
ॲपचा दोष नाही, दोन वेगळ्या जातींची कामं एकाच नियमाने लावली गेली आहेत. बिलाची तारीख बाहेरचं कुणीतरी ठरवतं. तुम्ही उशिरा भरलंत म्हणून पुढची तारीख सरकत नाही. फिल्टरचं अंतर मात्र शेवटचं कधी धुतलं तिथून मोजायचं असतं. टूडूइस्टमध्ये नुसतं 'एव्हरी' लिहिलं की पहिला प्रकार होतो. 'एव्हरी'ला चिकटून उद्गारचिन्ह दिलं की काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. खत, फिल्टर, साफसफाई हे सगळं उद्गारचिन्हवालं करा, गुरुवार-शनिवारचा घोळ तिथेच मिटेल. बिलांना मात्र ते चुकूनही लावू नका, दर खेपेला तारीख थोडी थोडी घसरत जाते.

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरचं ऑर्ग-मोड (नोंदी आणि कामांच्या याद्यांची सोय) वापरणाऱ्यांसाठी: तिथे पुन्हा येणाऱ्या कामाला लावायची तीन चिन्हं आहेत. '+' तारीख एकच टप्पा पुढे नेतं, म्हणजे साप्ताहिक काम तीन आठवडे हुकलं असेल तर 'झालं' म्हटल्यावरही तारीख मागचीच राहते. '++' तोच वार धरून आजच्या पुढची तारीख शोधतं. '.+' आजपासून मोजतं.

टाचणी
वरच्याशी सहमत. एक भर: मासिक काम ३१ तारखेवर लावू नका. कॅलेंडरच्या मानकानुसार (आरएफसी ५५४५) महिन्यात ती तारीखच नसेल तर त्या महिन्याची खेप गाळली जाते, पुढे-मागे सरकवली जात नाही. म्हणजे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरमध्ये काम गुपचूप गायब, आणि लाल काहीच दिसत नाही. २८ तारीख धरा, किंवा सोय असेल तर 'महिन्याचा शेवटचा दिवस' निवडा.

आणि चाळीसपैकी किती कामांना खरंच तारीख हवी, हेही बघा. 'कपाट आवरणे'ला सोमवार देण्यात अर्थ नाही. खोट्या तारखा वाढल्या की खऱ्या तारखांकडेही डोळेझाक होते. अशी कामं बिनतारखेच्या यादीत टाका आणि आठवड्यातून एकदा ती यादी वाचा.

कागदपेन
कागदावर यायचंच असेल तर ४३ फोल्डरची जुनी पद्धत आहे: ३१ दिवसांचे, १२ महिन्यांचे. चिठ्ठी ज्या दिवशी दिसायला हवी त्या फोल्डरमध्ये टाकायची. रोज सकाळी त्या दिवसाचा फोल्डर रिकामा करून पुढच्या महिन्याच्या फोल्डरमागे ठेवायचा. महिना लागला की त्याच्या फोल्डरमधल्या चिठ्ठ्या दिवसांमध्ये वाटायच्या. काम झालं की तीच चिठ्ठी पुढच्या तारखेला टाकायची, म्हणजे धागादोरा म्हणतात ती '.+' मोजणी आपोआप होते. मात्र सुट्टीवर जाण्याआधी तेवढ्या दिवसांचे फोल्डर उपसावे लागतात. एक सकाळ चुकली तर त्या दिवसाच्या चिठ्ठ्या महिनाभर दिसत नाहीत, कागद लाल होत नाही ना!

रिकामी_वही
उद्गारचिन्ह माहीतच नव्हतं, धन्यवाद. पासपोर्टसारखं, काही वर्षांनी येणारं काम कसं लावायचं?

धागादोरा
ते आवर्ती करूच नका. नवं कागदपत्र हातात आलं की त्यावर छापलेली मुदत बघून एकच नोंद करा. तारीख मुदतीची नको, काम सुरू करायची टाका: प्रक्रियेला लागणारा वेळ अधिक थोडी उसंत. मुदतीची तारीख कामाच्या नावातच लिहा. ऑर्ग-मोडमध्ये डेडलाइनची सूचना मुळात १४ दिवस आधी येते, पासपोर्टला ती फारच अपुरी. त्या नोंदीपुरती वाढवून घ्या.

कागदपेन
४३ फोल्डरमध्ये वर्षापलीकडचं मावत नाही. चिठ्ठीवर साल लिहून डिसेंबरात टाका. दर डिसेंबरला साल बघायचं, आलं नसेल तर परत तिथेच.