टिसो यांच्यापुढे खरोखरच दुसरा पर्याय नव्हता का?

वाचनवेडा (प्रश्न):
१४ मार्च १९३९ रोजी स्लोव्हाकिया चेकोस्लोव्हाकियातून फुटून स्वतंत्र घोषित झाला, तो हिटलरच्या दबावाखाली. आदल्याच दिवशी स्लोव्हाक नेते योझेफ टिसो यांना बर्लिनला बोलावून स्वातंत्र्य घोषित करण्यास सांगण्यात आले होते. अन्यथा हंगेरीच्या तोंडी जाण्याची तयारी ठेवावी लागणार होती. त्यामुळे टिसो यांनी नाइलाजाने जे शक्य होते ते वाचवले, असा युक्तिवाद केला जातो. तो कितपत ग्राह्य आहे?

मध्ययुरोप:
स्वातंत्र्याच्या घोषणेपुरता तो काही अंशी मान्य करता येईल. स्लोव्हाकांच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या: झेक आणि स्लोव्हाक प्रतिनिधींमधील १९१८ च्या पिट्सबर्ग करारात मान्य झालेली स्वायत्तता प्रत्यक्षात आली नाही आणि प्राग सरकार ‘चेकोस्लोव्हाक’ हे एकच राष्ट्र मानत राहिले. परंतु चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देणाऱ्या म्युनिक करारानंतर, ६ ऑक्टोबर १९३८ रोजी, झिलिना येथे स्वायत्तता पदरात पडताच ह्लिंका यांच्या पक्षाने (टिसो याच पक्षाचे) इतर पक्ष गिळंकृत केले, ह्लिंका गार्ड हे निमलष्करी दल उभारले आणि डिसेंबरमध्ये उमेदवारांच्या एकाच यादीवर, म्हणजे मतदारांना पर्याय न देता, निवडणूक घेतली. हे सर्व बर्लिनच्या त्या भेटीआधीचे आहे.

तळटीप:
झेकांना यातून सरसकट मोकळे सोडू नये. राडोला गायदा यांच्या झेक फॅसिस्ट पक्षाला १९३५ मध्ये संसदेच्या ३०० पैकी अवघ्या ६ जागा मिळाल्या होत्या, हे खरे. पण म्युनिकनंतर प्रागमध्येही पक्षांचे विलीनीकरण झाले, कम्युनिस्टांवर बंदी आली आणि ज्यू सहकाऱ्यांना व्यवसायातून दूर करावे अशी मागणी डॉक्टर-वकिलांच्या संघटनांनीच केली. जर्मन सैन्य तेव्हा प्रागमध्ये पोहोचलेलेही नव्हते.

मध्ययुरोप:
मान्य. तरीही मूळ प्रश्नाचा निकाल माझ्या मते १९४२ मध्ये लागतो. आदल्या सप्टेंबरात ज्यूविरोधी संहिता लागू करणाऱ्या टिसो यांच्या राजवटीतील सरकारने मार्च ते ऑक्टोबर या काळात सुमारे ५८,००० ज्यूंना जर्मनांच्या हवाली केले आणि त्यापोटी माणशी ५०० राइशमार्क जर्मनीला देण्याचे कबूल केले. त्यानंतर व्हॅटिकनचा निषेध आणि देशांतर्गत विरोध यांमुळे ज्यूंना नेणाऱ्या गाड्या थांबल्या, त्या ऑगस्ट १९४४ मध्ये या राजवटीविरुद्ध झालेल्या स्लोव्हाक उठावानंतर जर्मन सैन्य आत येईपर्यंत थांबलेल्याच राहिल्या. जे सरकार जवळजवळ दोन वर्षे नकार टिकवू शकले, त्याला आधी नकार देणे अशक्य होते असे म्हणता येत नाही.