मदत हवी आहे: आईच्या जुन्या डेस्कटॉपवर कोणतं लिनक्स टाकू?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. घरी जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या यादीत हा प्रोसेसर नाही, चांगलं चालणारं मशीन भंगारात घालायचं जिवावर येतंय म्हणून लिनक्सचा (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टीम) विचार चाललाय. वापरणार मुख्यतः आई, बचत गटाचा हिशोब, मराठीत पत्रं, यूट्यूब आणि कधीतरी प्रिंट, आणि तिला स्टार्ट मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच लागतो त्यामुळं उबंटू हा लिनक्सचा प्रकार नको वाटतं.

मिंट की झोरिन या लिनक्सच्याच दोन प्रकारांत अडकलोय. मिंटचं सिनॅमन हे डेस्कटॉपचं रूप दिसायला भारी, पण ४ जीबीत एक्सएफसीई हे हलकं रूपच बरं पडेल ना? पेनड्राइव्हवरनं लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून बघणार आहेच.

सगळ्यात जास्त काळजी मराठीची आहे, गटाची जुनी पत्रं श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमधे आहेत, ती युनिकोडमधे (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत) आणून लिब्रेऑफिसमधे (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) कुणी उघडलीत का? मात्रा-जोडाक्षरं नीट येतात का? आणि आधी हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकू की रॅम वाढवू? सांगली-मिरजेत कुणी वापरत असाल तर कृपया सांगा, मी येऊन बघतो.