क्लच प्लेट खरंच गेलीय का?

खंबाटकीकर: माझी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, ७१,००० किमी झालेत. आठवडाभर पहिला आणि रिव्हर्स गिअर पडताना कर्रकन आवाज येतोय. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितलं, "साहेब, क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल. नऊ हजार." पण परवाच चौघं बसून, डिकीत तांदळाचं पोतं घेऊन खंबाटकी चढलो. गाडी कुठे दमली नाही. टाकू का सेट?

ग्रीसचे_हात: थांबा जरा! प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. तुमचं उलट आहे, क्लच नीट सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरपासून पूर्ण वेगळं होत नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आवाज चढला पण वेग नाही, तर प्लेट. नाहीतर आधी पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी केबल बघा.

मावशी_ड्रायव्हर: हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर केबल नसते, तेलाची पातळी बघायची. आणि सेट टाकलाच तर जुनी प्लेट हातात मागा. मी मागितली तेव्हा तो गृहस्थ दहा मिनिटं शोधतच होता!

खंबाटकीकर: दुसरीकडे दाखवली. केबलच निघाली. पेडलकडच्या टोकाला तीन-चार तारा तुटून केरसुणीसारख्या फुलल्या होत्या. नवी टाकली, मजुरीसकट साडेसातशे. रिव्हर्स आता लोण्यासारखा पडतो. पहिल्याचा फोन आला होता, "कधी आणताय गाडी?" अजून उचलला नाही.