'हक्क पाळणे' बरोबर की चूक?

खाडीकाठ: मदत हवीय, लवकर. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाला आमच्याकडे चर्चची मंडळी, मशिदीची जमात आणि बौद्धवाडी मिळून कार्यक्रम करतायत, पत्रकाचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजीत आहे की सगळ्या 'फेथ कम्युनिटीं'नी हक्क 'ऑब्झर्व्ह' करावेत. मी लिहिलं 'श्रद्धासमुदायांनी हक्क पाळावेत'. आत्याने वाचलं नि म्हणाली, अरे पाळतात तो विटाळ, हक्क कसले पाळतोस.

भंडारवाडा: आत्यांना नमस्कार. सुतक पाळतात, सोवळं पाळतात. हक्क दुसऱ्याचा असतो, तो द्यायचा.

अलिबागकर: पाळणे एवढं काय वाईट नाय हो. आमच्या पट्ट्यात पूर्वी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचे तेलाचे घाणे होते, शनिवारी काम बंद, म्हणून गावाने नावच ठेवलं शनवार तेली. आणि त्यांच्या धर्मग्रंथातल्या दहा आज्ञांत विश्रांती मालकापुरती नाय, चाकराला आणि गुराढोरांनाही सांगितलीय, म्हणजे वार पाळला की घाण्याच्या बैलाचा पण हक्क पाळला गेला ना?

मालवणी बाणो: माका 'जपणे' बरा वाटता. पण श्रद्धासमुदाय ह्या काय? जेवताना कोण बोलता असा?

शुद्धमराठी: 'हक्क' मुळात अरबी. 'मानवाधिकार' लिहा.

दाभोळची लेक: काका, मानवाधिकार दिल्लीच्या आयोगाच्या पाटीवर, आपल्या राज्याचा 'मानवी हक्क आयोग'च आहे. आणि अरबीच काढलंत तर ऐका, आमच्यात 'हुकूकुल इबाद' म्हणतात, हुकूक म्हणजे हक्कचं अनेकवचन, माणसांचे एकमेकांवरचे हक्क. नमाज चुकली तर अल्लाकडे माफी मागता येते पण शेजाऱ्याचा हक्क बुडवला तर आधी शेजाऱ्यानेच माफ करायला हवं. क्रियापद हवंय ना, 'अदा करणे' घ्या.

शुद्धमराठी: अदा तर नाचात असते. 😀

महाडचा: एवढं लांब कशाला, १९२७ ला चवदार तळ्यावर लोक ओंजळभर पाणी प्यायले तो माणुसकीच्या हक्कांचा लढा. माणुसकीचे हक्क! यापेक्षा मराठी शब्द दाखवा.

भंडारवाडा: बरोबर. आणि रत्नागिरीत १९३१ ला भागोजीशेठ कीरांनी सगळ्यांसाठी बांधलेलं पतितपावन मंदिर पण टाका पत्रकात.

महाडचा: दार उघडलंत ते चांगलंच, पण आत येणाऱ्याला पतित म्हणायचं?

भंडारवाडा: अहो पतितपावन देवाचं नाव आहे, अभंगात संत स्वतःलाच पतित म्हणवतात.

महाडचा: स्वतःला म्हणणं वेगळं, पाटीवर लावणं वेगळं.

अलिबागकर: शनवार की शनिवार तेली, कोणी सांगेल का? आमच्या आजीचं शनवार.

खाडीकाठ: प्रेसवाला दोनदा फोन करून गेला. तूर्त 'सर्व धर्माच्या लोकांनी मानवी हक्कांचा मान राखावा' असं टाकतोय.

मालवणी बाणो: मान?? अरे बाबा, हय मान म्हटल्यार पालखी आधी कोणाच्या दारात त्यावरना कोर्टात केस चालता!