मदत हवी आहे: गोव्याहून जुना जकुझी टब आणायचाय, आधी काय तपासू?

मंडळी, गोव्यातल्या एका होमस्टेवाल्याकडे चार माणसांचा वापरलेला हॉट टब आहे. अॅक्रिलिकचा, पाणी साधारण १००० लिटर, हीटर ३ किलोवॅटचा. आम्ही बेळगावात, टिळकवाडीत. गच्चीचा विषय सोडून द्या, नुसतं पाणीच एक टन, वर माणसं. इंजिनिअरनं ऐकूनच हात जोडले. परड्यात काँक्रीट करून बसवणार. वायरमन म्हणतो, वेगळी लाईन, चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) घातली की सिंगल फेजवर चालेल.

टब प्रत्यक्ष बघून आलोय. मोटर चालते, जेट जोरात सुटतात, पण पाणी तापवून दाखवलं नाही. कारण काय, तर व्होल्टेज कमी आहे! तेच व्होल्टेज मोटरला मात्र पुरलं. पंपाजवळच्या जोडावर पांढरा क्षार धरलाय आणि तळाची फळी हाताला ओलसर लागली. मालक म्हणतो पावसाचं पाणी. इथला स्विमिंग पूलचं काम करणारा यात पडायला तयार नाही.

चोर्ला घाटातून टेम्पो आणि चढवायला-उतरवायला माणसं धरली की खर्च टबाच्या किमतीजवळ जातो, म्हणजे एकदा आणला की परत देणं नाही. शिवाय आमचं पाणी बोअरचं, गीझरची कॉईलसुद्धा वर्षात पांढरी होते.

तर जाणकारांनी सांगा, रात्रभर भरून ठेवून सकाळी पातळी बघितली की पुरे, की काही गळत्या पाणी तापल्यावरच कळतात? आणि पंपाचं सील, हीटर असले पार्ट बेळगाव, कोल्हापूर किंवा पणजीत कुठे मिळतील?