नव्या घरात फोन-इंटरनेटची जोडणी: हे पैसे नक्की कोणाचे?

वाकडचा_वाटसरू (धागाकर्ता)

रावेतमध्ये नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. कंपनीच्या साइटवर प्लॅन दिसत होता महिना ५९९ चा, लँडलाइन त्यातच. प्रत्यक्षात हातात आलेला हिशेब असा: इन्स्टॉलेशन १०००, राउटरचं डिपॉझिट १५०० आणि 'बिल्डिंग इन्फ्रा चार्जेस' २५००. पहिल्या आणि तिसऱ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. एकूण ५६३०, आणि यात पहिल्या महिन्याचं भाडं धरलेलं नाही.

डिपॉझिटबद्दल तक्रार नाही, ते परत मिळतं (मिळायला हवं). हजार रुपयेही समजू शकतो, माणूस येतो, वायर ओढतो. त्या २५०० बद्दल विचारलं तर कंपनीचा माणूस म्हणाला, "ते आमचे नाहीत साहेब, बिल्डरच्या फॅसिलिटीवाल्यांना, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्यांना द्यावे लागतात." मग दुसरी कंपनी घेतो म्हटलं. तर दुसऱ्या कोणाची फायबर इमारतीत आलेलीच नाही, आणि फॅसिलिटी ऑफिस म्हणतं, सोसायटी स्थापन होईपर्यंत नव्या कंपनीला परवानगी नाही.

करारनाम्यात वीज मीटर, लीगल, सोसायटी फॉर्मेशन, वर्षभराचा आगाऊ मेंटेनन्स, सगळ्यांचे आकडे आहेत. फोन-इंटरनेटबद्दल अवाक्षर नाही. जोडणीचे पैसे घ्यावेत की नाही यावर माझा वाद नाही. कोण घेतंय आणि कशाचे, हे घर बुक करतानाच सांगायला हवं. न सांगता घेतलेली रक्कम ही खंडणीच, भले तिची पावती मिळो.

कंपनीचं आणि बिल्डरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, धागा तिकडे भरकटेल. मतं मांडा.

फायबरवाला

असहमत. मी एका कंपनीची फ्रँचायझी चालवतो, तेव्हा माझं मत एकांगी आहे असं समजूनच वाचा.

'नुसती वायर ओढतो' म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या पोरांबरोबर बावीस मजली इमारतीच्या डक्टमध्ये उतरून बघावं. स्प्लिटर बॉक्सपासून (जिथे मुख्य फायबर घरोघरी वाटली जाते) घरापर्यंत ड्रॉप केबल, टोकाला कनेक्टर किंवा स्प्लायसिंग (फायबर सांधणं), भिंतीवरचा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा), मग पॉवर मीटर लावून सिग्नल किती पोहोचतोय ते बघणं. सिग्नलचा लॉस जास्त निघाला तर पुन्हा खाली उतरा. लिफ्ट अजून सुरू नसते. नव्या घरात तर हमखास पीओपीवाला आधीच काम करून गेलेला असतो आणि आतला पाइप सिमेंटने बुजलेला. मग ग्राहक म्हणतो फॉल्स सीलिंगला हात लावू नका, वायर दिसायला नको, आणि आजच चालू पाहिजे.

दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. त्याचे हजार रुपये जास्त वाटत असतील तर 'फ्री इन्स्टॉलेशन' वाल्या ऑफर घ्या. त्यात सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतात. ५९९ च्या प्लॅनला जीएसटी धरून ४२४० च्या आसपास होतात. मध्येच सोडलंत तर त्यातलं किती परत मिळेल, ते बारीक अक्षरात वाचा.

वाकडचा_वाटसरू

फायबरवाले, तुमच्या हजाराला मी हातच लावलेला नाही. माझा प्रश्न २५०० चा आहे. त्यातला एक रुपया तरी तुमच्या त्या पोरांपर्यंत पोहोचतो का?

फायबरवाला

नाही. उलट काही ठिकाणी आम्हीच वर्षाला भरतो, बिल्डरला किंवा सोसायटीला. ते आम्ही ग्राहकाकडूनच काढणार, दुसरं कुठून आणणार? पण खंडणी वगैरे शब्द आम्हाला लावू नका एवढंच.

ठाणेकर_काका

तुम्हा लोकांना दोन दिवसांत फोन मिळतो याचं अप्रूप राहिलेलं नाही. आमच्या वेळी फोनसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. घाई असेल तर 'ओवायटी'मध्ये ('ओन युअर टेलिफोन' नावाची सरकारी योजना) जास्तीचे पैसे भरून वेगळ्या रांगेत उभं राहायचं. रांग तिथेही असायचीच. १९८६ साली मुंबईत एमटीएनएल आली म्हणून रातोरात काही बदललं नाही. घर बदललं की शिफ्टिंगचा अर्ज, आणि एक्स्चेंज बदललं की नंबरही गेला. पाच हजारांसाठी एवढा कांगावा?

इडलीवाली_अनु

काका, तेव्हा रांग होती हे आता पैसे उकळण्याचं समर्थन कसं होतं? आणि नंबरचं दुखणं अजून तसंच आहे. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर कंपनी बदलून नेता येतो, लँडलाइनचा आजही नाही. माझ्या सासऱ्यांच्या दवाखान्याचा जुना नंबर घर हलवताना गेला, पेशंट अजून शोधतात.

ठाणेकर_काका

समर्थन करत नाहीये, जरा प्रमाणात बोला म्हणतोय. पण ओवायटीचे पैसे सरकार घेत होतं आणि दर ठरलेला होता, हे मान्य. मधला फॅसिलिटीवाला हा प्राणी तेव्हा नव्हता.

सचिव_नावापुरती

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे (मानधन शून्य, शिव्या भरपूर). आम्हीही इंटरनेट कंपन्यांकडून वार्षिक शुल्क घेतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पहिली कंपनी आली, शाफ्टमध्ये बॉक्स लावला. दुसरी आली, तिने पहिलीच्या बॉक्सवर बॉक्स लावला. तिसरीने गच्चीवरून वायर सोडल्या, त्या आजही बाल्कन्यांसमोर लोंबतायत. त्यांनी ड्रिल केलेल्या भिंतीतून पावसाळ्यात ओल आली, ते वॉटरप्रूफिंग आमच्या सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीतून) झालं. त्यांच्या उपकरणांना वीजही आमच्या कॉमन मीटरवरून जाते. हे सगळं सभासदांनी फुकट सोसायचं का?

धागाकर्त्यांचा राग बरोबर आहे, पण 'इमारतीत येण्याचे पैसेच नकोत' असा सूर कोणी लावू नये.

वाकडचा_वाटसरू

ताई, तुमचं शुल्क सर्वसाधारण सभेत ठरतं, जमाखर्चात दिसतं आणि इमारतीवरच खर्च होतं. शिवाय तुमच्याकडे तीन कंपन्या आहेत. माझ्याकडे एकच कंपनी, आणि पैसे घेणारा फॅसिलिटीवाला इमारतीचा मालकही नाही आणि भाडेकरूही नाही. दोन्ही एका मापाने कसे मोजणार?

सचिव_नावापुरती

ते ठीक. पण 'सभेत ठरतं' म्हणजे आमच्याकडे ऐंशीपैकी अकरा जण हजर असतात, तेही वडापाव असेल तर.

कलम_बहाद्दर

थोडं कायद्याचं, कारण अशा वादात लोक थेट 'ट्रायकडे तक्रार करा' म्हणून मोकळे होतात. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करायची, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्यायचा, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आता खुला आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालणार नाहीत असं म्हटलं होतं, आणि कंपन्या वर्षानुवर्षं तोच निकाल दाखवून तक्रारी फेटाळून घ्यायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं की ग्राहक आयोगांना असे वाद ऐकता येतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून बघा, बऱ्याचदा कंपनी तिथेच नमते.

पण धागाकर्त्यांची खरी तक्रार कंपनीविरुद्ध नाहीच, बिल्डरविरुद्ध आहे. ती रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाच्या वाटेने जाईल. करारनाम्यात नसलेली रक्कम कशाच्या आधारे घेतली, हा प्रश्न लेखी विचारा. तोंडी विचारलेल्याचं उत्तर तोंडीच मिळतं.

फायबरवाला

बहाद्दर, एक बारीक गोष्ट. पावती कंपनीच्या नावाची असेल तर बिल्डर सरळ हात झटकणार. आमच्याकडे असंच होतं. पैसे एकाच्या बिलात, घेणारा दुसरा.

कलम_बहाद्दर

बरोबर, म्हणून दोघांनाही पत्र. कंपनीला विचारा, 'हे तुमच्या जाहीर दरपत्रकात कुठे आहे?' बिल्डरला विचारा, 'हे करारनाम्यात कुठे आहे?' दोघांपैकी एकाला तरी उत्तर देताना अडचण होईल.

रेडिंगकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथेही हा अनुभव नवा नाही, फक्त तऱ्हा वेगळी. इथली बहुतेक फोन लाइन ओपनरीच नावाच्या संस्थेची, त्यावर सेवा विकणाऱ्या कंपन्या अनेक. घर बदलताना आधीच्या भाडेकरूची लाइन चालू असतानाच तुम्ही ती स्वतःच्या नावावर घेतली, तर बहुतेक वेळा कोणाला घरी यावंही लागत नाही. पण त्याने जाताना लाइन बंद करून टाकली असेल तर तीच भिंतीतली तार 'नवी जोडणी' ठरायची आणि शंभर पौंडांच्या वर बिल यायचं. सॉकेट तेच, तार तीच! नवे आलेले मराठी लोक इथे हमखास अडकायचे, कारण आधीचा राहणारा कधी गेला आणि त्याने काय बंद केलं हे आपल्याला कळणार कसं?

ऑक्टोबर २०१६ पासून जाहिरातीत लाइनचं भाडं वेगळं लपवता येत नाही, महिन्याचा आणि सुरुवातीचा खर्च ठळक दाखवावा लागतो. त्याने बराच फरक पडला. आणि डिसेंबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये नव्या घरांना गिगाबिट (अतिवेगवान इंटरनेट) जोडणीची सोय बिल्डरनेच करायची, घरामागे २००० पौंडांपर्यंतचा खर्च त्याच्या डोक्यावर. ताब्याच्या दिवशी तुम्ही फक्त कंपनी निवडायची.

ठाणेकर_काका

म्हणजे बिल्डर ते २००० पौंड घराच्या किमतीत घालणार. पैसे तुमचेच.

रेडिंगकर

घालणारच काका. पण ते घर घेण्याआधी दिसतात. दुसरं घर बघायला तेव्हा वाव असतो. बाकी तुमच्या लँडलाइनवाल्या आठवणी जपून ठेवा, इथलं जुनं तांब्याचं फोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय. आजीचा फोनही राउटरला जोडावा लागतोय, वीज गेली की फोन गेला.

इडलीवाली_अनु

आपल्याकडेही इमारतींना असं काही मानांकन येणार होतं ना?

कलम_बहाद्दर

आलंय. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींच्या डिजिटल जोडणीला तारे देण्याचे नियम आणले. पण ते घेणं बिल्डरच्या मर्जीवर आहे, आणि ज्याच्या इमारतीत एकाच कंपनीची वायर आहे तो स्वतःहून तारे मोजून घ्यायला कशाला जाईल?

सचिव_नावापुरती

खरा उपाय बांधकामातच आहे. प्रत्येक मजल्यापर्यंत रिकामी पाइपलाइन, खाली एक सामायिक खोली, तिथे जो येईल त्याने आपली फायबर टाकावी. तसं असतं तर आमच्या भिंती फुटल्या नसत्या आणि मला शुल्कही लावावं लागलं नसतं.

फायबरवाला

ताई, हे झालं तर इन्स्टॉलेशनचे हजार मी निम्मे करायला तयार आहे. लिहून देतो.

वाकडचा_वाटसरू

बहाद्दरांच्या सल्ल्याने दोन्ही पत्रं ईमेलने पाठवली. इथे ज्यांचं बुकिंग अजून व्हायचं आहे त्यांनी करारनाम्यावर सही करण्याआधी बिल्डरकडून एवढं लेखी घ्या: "इमारतीत कोणत्याही परवानाधारक दूरसंचार कंपनीला समान अटींवर प्रवेश राहील आणि त्यासाठी सदनिकाधारकाकडून करारनाम्याबाहेरची कोणतीही रक्कम घेतली जाणार नाही."

ठाणेकर_काका

आणि बिल्डर हे लिहून देईल?

वाकडचा_वाटसरू

बहुतेक नाही देणार. पण का देत नाही हे विचारता येईल, आणि तेव्हा चेक अजून आपल्या खिशात असेल. कंपनीचं उत्तर आलंय, 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' डॉकेट नंबर मिळाला. बिल्डरकडून अजून काही नाही.