जपानहून आलेली जुनी गाडी घ्यावी का? गंजाचं काय? (बजेट ३ लाख, फिक्स)

कंबर_तलाव
नमस्कार मंडळी. ठाण्यात एक २०१० ची मारुती ग्रँड व्हिटारा बघून ठेवली आहे. २.४ पेट्रोल, फोर बाय फोर, ९८ हजार किलोमीटर, दुसरा मालक. जपानमधून तयार होऊन यायची तीच. मालक २ लाख ९० हजार म्हणतोय. गाडी खाडीजवळच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते. फोटोत झकास दिसते, पण डाव्या बाजूला दाराच्या खाली, पाय ठेवतो त्या पट्टीवर रंग फुगल्यासारखा वाटतोय.

मी जुळे सोलापूरला राहतो. ऑफिसला दुचाकीनं जातो. गाडी लागते ती महिन्यातून दोनदा मंगळवेढ्याला शेतावर, आणि पावसाळ्यात ती वाट ट्रॅक्टरच्या लायकीची असते. प्रश्न दोनच. गंज नेमका कुठे बघायचा? आणि लागलेलाच असेल तर आपल्या कोरड्या हवेत तो थांबतो का?

बजेट ३ लाख. कृपया "थोडं वाढवा" म्हणू नका.

पेठेतला_पुणेकर
थोडं वाढवा. पंधरा वर्षं जुन्या गाडीवर तीन लाख घालण्यापेक्षा आठ-नऊ लाखांत छोटी नवी एसयूव्ही येते. कर्ज काढा. मी काढलं.

शेंगा_चटणी
ग्रँड व्हिटारा डोळे झाकून घ्या! मेव्हण्याकडे हायब्रिड आहे. कंपनी २७ च्या वर सांगते, त्याला २१-२२ पडतं. गंज वगैरे काही नाही, नवीच आहे अजून.

कंबर_तलाव
मालक, ती वेगळी. तुमच्या मेव्हण्याची कर्नाटकात बनते. मी म्हणतोय ती जुनी, चौकोनी, मागच्या दारावर स्टेपनी लटकलेली.

शेंगा_चटणी
अच्छा. मग ती नका घेऊ.

अशोकचौक_गॅरेज
सतरा वर्षं गॅरेज चालवतोय, म्हणून सांगतो. रंग फुगलाय म्हणजे गंज आतून बाहेर आलाय. ती पट्टी म्हणजे पत्र्याची बंद पेटी असते. खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला अर्धा पत्रा गेलेला असतो.

बघायला जाताना एक पेचकस घे आणि फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून ने. पेचकसाच्या मुठीनं खालून ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. पुट्टी भरलेल्या जागी चुंबक घसरतं. पायाखालचं मॅटिंग उचल आणि हात आत घालून दाब. ओलं लागलं तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय पैसे देऊ नको. मागच्या दाराच्या बिजागऱ्याही बघ, स्टेपनीचं वजन त्यांच्यावरच असतं.

आणि खालून ताजं काळं डांबर मारलेलं दिसलं तर गाडी सोडून दे.

चाटी_गल्ली
डांबर मारलं तर काय बिघडलं? मी तर दरवर्षी मारून घेतो.

अशोकचौक_गॅरेज
मालक, तुम्ही तुमच्या गाडीला मारता. विकणारा विकायच्या आदल्या आठवड्यात मारतो. चांगल्या पत्र्यावर मारलं तर संरक्षण. गंजावर मारलं तर ओल आत कोंडते, आणि गिऱ्हाईकाला दिसत नाही हा वर फायदा.

चाटी_गल्ली
आपल्या सोलापुरात गंज लागतच नाही बे. माझी झेन बावीस वर्षं उन्हात उभी आहे. रंग उडाला, टप पांढरा पडला, पण गंज शून्य.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड
लागत नाही कसा? डाइंगच्या युनिटमागे सहा वर्षं गाडी लावली. तिथली वाफ आणि ॲसिडचा वास, दोन्ही गाडीवर. छपराच्या कडेनं पत्रा पापडासारखा सुटला. त्यात वॉचमन रोज बोअरच्या पाण्यानं धुवायचा आणि न पुसता वाळवायचा. बोअरच्या पाण्यातले क्षार काचेवर पांढरे दिसतात, तेच सांध्यांतही बसतात. समुद्र नसला म्हणून मोकळं सुटलो असं नाही.

दार_ए_सलामचा_सोलापूरकर
मूळचा साखर पेठेतला, नऊ वर्षं टांझानियात आहे. इथे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जपानच्या जुन्याच, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. त्यामुळे या गंजाशी माझी जुनी ओळख आहे.

धाग्याचं नाव वाचून कोणी थेट जपानहून जुनी गाडी मागवायचा विचार करत असेल तर आधीच सांगतो, भारतात तो मार्ग जवळजवळ बंद आहे. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि वर करच गाडीच्या किमतीला भारी पडतो. ३ लाखांत तो विषयच नाही. कंबर_तलाव बघतोय ती नवी असताना आयात होऊन इथेच विकली गेलेली, म्हणून तिचा गंज हा ठाण्याचा गंज आहे, जपानचा नाही.

तरी जपानचं सांगतो, कारण शोधायची पद्धत तीच. तिथे उत्तरेकडे, होक्काइदो, आओमोरी या बाजूला, हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून उडून चासीला, ब्रेकच्या नळ्यांना चिकटतं. वरून गाडी आरशासारखी आणि खालून चाळणी. तिथे जुन्या गाड्या लिलावात विकल्या जातात. लिलावात प्रत्येक गाडीचा कागद असतो, त्यावर गाडीचं चित्र आणि चित्रावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे खड्डा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे खाऊन गेलेला पत्रा. एकूण ग्रेडच्या जागी आर असेल तर अपघातानंतर दुरुस्त केलेली.

माझ्या नोआच्या (टोयोटाची व्हॅन) कागदावर दोन ठिकाणी एस होता. एजंट म्हणाला, मामुली आहे. मला जपानी येत नाही, मी मान डोलावली. चौथ्या महिन्यात उतारावर ब्रेकचा पाय थेट खाली गेला. मागच्या चाकाकडे जाणारी नळी पट्टीखाली सडून फुटली होती. नशीब, पुढे गाडी नव्हती, आंब्याचा ढीग होता. पैसे भरून आंबे घरी आणले.

तात्पर्य, फुगलेल्या रंगापेक्षा ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शन जिथे चासीला बसतं त्या जागा आधी बघ. पट्टी कापून नवी जोडता येते. चासी सडली असेल तर गाडी भंगारात.

पेठेतला_पुणेकर
हेच मी म्हणत होतो. नवी घ्या.

सीआरव्ही_२००६
माझी होंडा सीआरव्ही २ लाख ४० हजार किलोमीटर झाली, इंजिनला पाना लागलेला नाही. तीही जपानचीच. चासी नंबर बघा, जे अक्षरानं सुरू होतो. भारतात बनलेल्या मारुतीचा एमए३ नं सुरू होतो. विकणारा "जपान, जपान" करत असेल तर आधी हे ताडून बघा. ती जपानी वेल्डिंगची बात काही और आहे. आताच्या गाड्यांना पत्रा असतो की बिस्किटाचा पुडा?

शेंगा_चटणी
मेव्हण्याच्या गाडीचा पत्रा चांगला आहे.

ऊस_आणि_उसासे
सगळे गंज-गंज करताय. इथेनॉलचं काय? आता सगळीकडे २० टक्केवालं पेट्रोल. २०१० ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिन्यातून दोनदाच काढणार, म्हणजे टाकीत ते पडून राहणार.

होटगी_रोड
ऊस आपण लावायचा, कारखाने आपल्या जिल्ह्यात, आणि इथेनॉलला शिव्याही आपणच द्यायच्या. जरा बिलाचा विचार करा शेतकऱ्याच्या.

ऊस_आणि_उसासे
गेल्या हंगामाचं बिल अजून यायचंय माझं, तुम्ही मला शेतकरी शिकवू नका.

(यापुढचे अकरा प्रतिसाद उसाच्या दरावर आहेत, ते वेगळ्या धाग्यात हलवले. - व्यवस्थापक)

सांगलीचा_जावई
पुराचंही बघा. २०१९ च्या महापुरानंतर मी एक "एकदम कमी चाललेली" गाडी घेतली. सासरचाच विकणारा, काय बोलणार. घरी आणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ. आतून धुऊन अत्तर मारलं होतं, पण पट्टा पूर्ण ओढायचं कोणाला सुचलं नव्हतं. वर्षभरात वायरिंगनं एकेक करून जीव सोडला. सासरी जाणं कमी केलंय.

निवृत्त_सातरस्ता
सगळे पत्रा बघताहेत, आरसी कोणी बघेना. कंबर_तलाव, नोंदणीची तारीख काय आहे?

कंबर_तलाव
डिसेंबर २०१०.

निवृत्त_सातरस्ता
म्हणजे पंधरा वर्षं भरायला दोन महिने उरलेत. आता आरसीवर "इम्पोर्टेड" अशी नोंद आहे का बघा. साध्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीला एप्रिल २०२२ पासून ५ हजार लागतात. आयात चारचाकीला ४० हजार. उशीर झाला तर दर महिन्याला आणखी ५००. हरित कर वेगळा, फिटनेस पास व्हावी लागते ती वेगळी, आणि मिळतात पाचच वर्षं. मालकाला विकायची घाई का झालीय ते आता कळलं असेल.

एमएच ०४ चा नंबर बदलावा लागत नाही, राज्यातल्या राज्यात तोच चालतो. फॉर्म २९, ३० वर सही घ्या आणि बँकेचा बोजा उतरलाय का ते आधी तपासा. माझं आयुष्य हेच फॉर्म बघण्यात गेलं.

अशोकचौक_गॅरेज
काकांनी लाखाची गोष्ट सांगितली. मला हे सुचलंच नाही.

पेठेतला_पुणेकर
म्हणजे आता तर नक्कीच नको.

सीआरव्ही_२००६
नको. सीआरव्ही बघा.

दार_ए_सलामचा_सोलापूरकर
खाडीवरची, उघड्यावरची आणि रंग फुगलेली. मीही नको म्हणेन.

कंबर_तलाव
अपडेट. रविवारी जाऊन आलो. मालकाला म्हटलं, रॅम्पवर चढवू, नाही तर बोलणं संपलं. तयार झाला.

आरसीवर इम्पोर्टेड आहे. डावी पट्टी बद्द वाजली, चुंबक हातभर घसरलं. उजवी टणटण. खाली डांबर नव्हतं. ब्रेकच्या नळ्यांवर वरवरचा तांबूस थर, कानसेनं घासला तर आत चकचकीत धातू. चासीला, सस्पेन्शनच्या जागी, ठोकून ठोकून बघितलं, मालक शेवटी म्हणाला आता पुरे. सीटबेल्ट पाचही ओढले. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग मात्र ओलं, कुबट वास.

४० हजारांचं बोललो तर त्याचा चेहरा उतरला. त्याला माहीत होतं. २ लाख १० वर तुटली. त्यात ४० हजार फेरनोंदणी, पट्टीचे गॅरेजवाले अण्णा १४ हजार म्हणतात, हरित कर, बाकी किरकोळ. तीनच्या आत बसतं. घेतली. रात्री अकराला सोलापुरात पोहोचलो.

पेठेतला_पुणेकर
मग विचारलंत कशाला?

कंबर_तलाव
विचारलं नसतं तर ८० हजार जास्त दिले असते.

चाटी_गल्ली
अभिनंदन! गंज थांबेल बघ इथे.

अशोकचौक_गॅरेज
थांबत नाही, हळू होतो. आत मीठ आहे तोवर ते हवेतली ओल धरतंच. पट्टी कापली की आतून गोड्या पाण्यानं धुऊ, दोन दिवस उन्हात वाळवू, मग रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर आणि बंद पेटीत वॅक्स. आपलं ऊन एवढ्याला तरी कामाला येऊ दे. बुधवारी आणू नको, गर्दी असते.

कंबर_तलाव
गुरुवारी नेली. ओल कुठून येत होती ते सापडलं. पुढच्या काचेखालची, वायपर असतात तिथली जाळी अण्णांनी काढली. आत पिंपळाची पानं कुजून बसली होती, चहा गाळल्यावर उरतो तसा काळा चोथा, दोन ओंजळी. पाणी बाहेर पडायची वाट बंद, म्हणून केबिनमध्ये. फोटो टाकतोय. ज्यांच्याकडे झाडाखाली गाडी उभी असते त्यांनी आजच जाळी उघडून बघा.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड
माझ्यातून कडुलिंबाची निघाली. आणि एक उंदीर.

शेंगा_चटणी
ॲव्हरेज किती देते?

कंबर_तलाव
साडेआठ.

शेंगा_चटणी
मेव्हण्याची २२ देते.